दारावरून जाणारी वाजंत्री

आमच्या लहानपणी या भागातील गावांत एक अलिखित रिवाज होता. लग्नाची वरात गल्लीतून निघाली आणि वाटेत कुणाच्या घरी मयत झालेली असली, तर त्या घराच्या चार घरे अलीकडे वाजंत्री थांबत असे व चार घरे पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू होत असे. यासाठी कुणी हुकूम काढलेला नव्हता, पंचायतीने ठराव केलेला नव्हता. वरबापाने नुसता हात वर केला की सनई-ताशा मुका होई. वरात रद्द होत नसे, नवरा-नवरीच्या सुखात काही उणे येत नसे. पण दुःख असलेल्या दारावरून सुखाने पाय न वाजवता जावे, एवढे भान लहानथोर सर्वांना होते.

हे भान 2020 आणि 2021 या दोन वर्षांत आमच्या हातून सुटले, असा आमचा आरोप आहे. तो कुणा परक्यावर नाही. चार बुके शिकलेल्या, निवृत्तिवेतन घेणाऱ्या, वाचनालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आम्हां मंडळींवरच तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी कोरोनाला महासाथ म्हटले आणि 5 मे 2023 रोजी आणीबाणीची स्थिती संपल्याचे जाहीर केले. साथीबरोबर आपल्या वागण्याचा हिशेबही मिटला, असे समजून आपण सर्व मोकळे झालो. राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात गेल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. काम संपले म्हणून फाईल बंद होत नाही. शेवटचा शेरा लिहावा लागतो. तो शेरा लिहिण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. समाजमाध्यमांवरील अफवांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु आमचा आक्षेप खोट्या मजकुरावर नाही. खऱ्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या, 'यात काय बिघडले' असे वाटणाऱ्या मजकुरावर आहे. खोटे बोलणाऱ्याला निदान आपण खोटे बोलतो हे ठाऊक असते. निष्ठुरपणे वागणाऱ्याला बहुधा तेही ठाऊक नसते.

विकृतांची उदाहरणे आम्ही मुद्दामच फार देत नाही. मार्च 2020 मध्ये बेंगळुरूत एका संगणक अभियंत्याने, सर्वांनी बाहेर पडून शिंकावे व विषाणू पसरवावा, असा मजकूर लिहिला. त्याला अटक झाली, नोकरीही गेली. पुढच्याच महिन्यात मालेगावात नोटांना जीभ लावतानाचे चित्रण प्रसृत करणारा एक इसम पकडला गेला. असल्या माणसांविषयी बोलणे सोपे असते, कारण बोलताना आपली सुटका होते. चित्रपटसृष्टीचेही तसेच. एप्रिल 2021 मध्ये देशात रुग्णशय्या मिळेनाशा झाल्या असताना काही तारे-तारका मालदीवच्या समुद्रकिनाऱ्यावरील छायाचित्रे टाकीत होते. तेव्हा नवाजुद्दीन सिद्दीकी या त्यांच्याच व्यवसायबंधूने त्यांना जाहीरपणे खडसावले. त्याआधी वर्षभर, टाळेबंदीच्या आरंभी, टेनिसपटू सानिया मिर्झा यांनी पदार्थांच्या चित्रफिती पुरे करा, उपाशी असलेल्यांचा विचार करा, असे सुचवले होते. त्यांचे म्हणणे किती रास्त होते हे 8 मे 2020 च्या पहाटे कळले. जालन्याहून गावाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. आमचा प्रश्न इतकाच आहे: ते छायाचित्र पाहून हळहळलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाचे ताट 'स्टेटस'वर ठेवायचे टाळले?

आता आपल्या घराकडे वळू. बेळगाव जिल्ह्यात पहिले रुग्ण एप्रिल 2020 च्या पहिल्या आठवड्यात सापडले. हिरेबागेवाडीचे नाव तर काही आठवडे रोजच्या बातम्यांत राहिले. त्या काळात कर्नाटकात रुग्णाला नाव नसे. 'पी' हे अक्षर आणि पुढे एक आकडा, एवढीच त्याची जाहीर ओळख. यामागे विचार होता: आजारी माणसाची बदनामी होऊ नये, त्याच्या कुटुंबाला गावाने वाळीत टाकू नये. शासनही या बाबतीत सर्वस्वी निर्दोष नव्हते. मार्च 2020 मध्ये बेंगळुरूतील घरी विलग राहिलेल्यांचे पत्तेच शासनाकडून प्रसिद्ध झाले होते. पण निदान रुग्णाचे नाव झाकण्याची मर्यादा पाळली गेली. ती मर्यादा आम्ही तोडली. सायंकाळी आकडा जाहीर झाला की रात्री जेवणाच्या आत त्या आकड्याचे नाव, गल्ली, जात, धर्म शोधून काढून आम्ही गटागटांतून फिरवीत होतो. दारात रुग्णवाहिका उभी राहिली की समोरच्या गच्चीतून चित्रण सुरू होई. चालत जाऊन रुग्णवाहिकेत बसणारी ती व्यक्ती काल-परवापर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाला येत होती, याचा विसर पडावा हे आश्चर्यच. रुग्णांच्या घरांवर फलक चिकटवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले. आम्ही मात्र तोवर प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर तो फलक चिकटवून मोकळे झालो होतो.

पुढचा प्रसंग राजकारणाचा आहे आणि तो लिहिताना आमच्याच माणसांचा रोष ओढवेल हे आम्ही जाणतो. बेळगावचे खासदार व केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे 23 सप्टेंबर 2020 रोजी दिल्लीत कोरोनाने निधन झाले. सलग चार वेळा ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिले, त्या मतदारसंघात त्यांचे पार्थिवही आणता आले नाही. अंत्यविधी दिल्लीतच झाला. त्यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेसाठी 17 एप्रिल 2021 रोजी, दुसरी लाट चढत असताना, पोटनिवडणूक झाली. ज्या रोगाने जागा रिकामी केली, त्याच रोगाला आमंत्रण देणाऱ्या गर्दीची छायाचित्रे सर्व बाजूंचे कार्यकर्ते छाती फुगवून टाकीत होते. 'न भूतो न भविष्यति अशी गर्दी' हे त्या छायाचित्रांखालचे बिरुद. आमची मराठी बाजू याला अपवाद नव्हती. सीमाप्रश्नावरील निष्ठेपोटी त्यांतील काही छायाचित्रे आम्ही स्वतःही पुढे पाठवली. निष्ठा खरी होती; पण गर्दीतील माणसे घरी कुणाकडे परतणार आहेत, हा विचार त्या क्षणी शिवला नाही. निवडणूक आयोगाने 27 एप्रिलला विजयी मिरवणुकांवर बंदी घातली. 'स्टेटस'वरील मिरवणुकीवर बंदी घालणारा आयोग मात्र अस्तित्वात नाही.

येथवर दुसऱ्यांविषयी झाले. आता आमच्याविषयी. 14 मे 2021, अक्षय तृतीया. राज्यात टाळेबंदी होती. निवृत्त सहकाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. दुपारी एकच्या सुमारास आम्ही आमरस-पुरीच्या ताटाचे छायाचित्र काढले आणि शुभेच्छांसह त्या गटावर टाकले. घरी चार पिढ्यांचा सण, नातीने वाढलेले ताट. मनात पाप नव्हते. पाहता पाहता वीस-पंचवीस अंगठे, हात जोडलेली चित्रे, 'वा', 'आम्हाला कधी बोलावता' असा मजकूर जमा झाला. संध्याकाळी सहज वर सरकवून पाहिले तेव्हा आढळले, की आमच्या ताटाच्या चाळीस मिनिटे आधी निपाणीच्या एका मित्राने दोन ओळी लिहिल्या होत्या. धाकट्या भावाची ऑक्सिजन पातळी घसरते आहे, कुणाच्या ओळखीत सिलिंडर असल्यास कृपया कळवा. खाली फोन क्रमांक. त्या दोन ओळींना एकानेही उत्तर दिलेले नव्हते. त्या आमच्या आमरसाखाली, त्यावरील कौतुकाखाली वर ढकलल्या गेल्या होत्या आणि कुणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या.

सिलिंडर रात्री मिळाला, तोही एका अनोळखी तरुणाच्या खटपटीने. पाचव्या दिवशी भाऊ गेला. आमच्या ताटामुळे तो गेला असे कुणीही म्हणणार नाही, आमचे मित्र तर नाहीच नाही. त्यांनी आजवर त्या विषयाचा शब्दही काढलेला नाही. परंतु त्या दिवसापासून आम्हांस एक गोष्ट पक्की कळली आहे, आणि या लेखाचे सार तेच आहे. समाजमाध्यमावरील असंवेदनशीलता हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नाही. तेथील जागा एकच, अरुंद आणि सर्वांची आहे. तेथे टाकलेला प्रत्येक अनावश्यक मजकूर कुणाची तरी हाक वर ढकलतो, नजरेआड करतो. गल्लीतील वाजंत्रीने रडण्याचा आवाज बुडावा, तसेच हे.

यावर तीन प्रतिवाद आम्ही वारंवार ऐकले आहेत. तिन्हींचा परामर्श घेऊ.

पहिला: 'दुःख आहे म्हणून माणसाने हसूच नये काय?' अवश्य हसावे. घरात सण करावा, नातवंडांना गोडधोड करून घालावे, गाणी म्हणावीत. वरात थांबवा असे आम्ही म्हणतच नाही. त्या दारावरून जाताना वाजवू नका, एवढेच म्हणतो. आनंद करणे आणि आनंद मांडून दाखवणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपल्या आजीला बरोबर ठाऊक होते. शेजारी सुतक असताना ती कढई चढवायची नाही. चढवलीच तर निदान वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटून घ्यायची.

दुसरा प्रतिवाद अधिक सभ्य, म्हणून अधिक घातक: 'आम्ही सकारात्मकता पसरवत होतो.' सकाळी सूर्योदयाचे चित्र, त्यावर सुविचार. दुपारी 'भीतीनेच माणसे मरतात, मन खंबीर ठेवा'. रात्री प्राणायामाचे धडे. धीर देणे हे पुण्यकर्म खरे, पण धीर एका माणसाने दुसऱ्या माणसाला, त्याची विचारपूस करून द्यायचा असतो. अडीचशे जणांना एकदम पाठवलेला धीर हा धीर नसतो. शिवाय 'भीतीनेच माणसे मरतात' या वाक्याचा दुसरा अर्थ काय होतो? ज्यांची माणसे गेली, ती भित्री होती म्हणून गेली! फुप्फुसे निकामी होऊन गेलेल्या माणसाच्या पत्नीने हे वाक्य कसे वाचले असेल, याची कल्पना करून पाहावी.

तिसरा प्रतिवाद: 'पटत नसेल तर पाहू नका, मोबाईल बंद ठेवा.' हे म्हणणाऱ्याच्या घरचे कुणी त्या काळात दवाखान्यात नसावे. रुग्णाजवळ नातेवाइकांना थांबू देत नव्हते. आत काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग एकच, तो मोबाईल. निपाणी-चिकोडीच्या माणसाला मोठा दवाखाना म्हटला की कोल्हापूर-मिरज आठवते. पण मध्ये राज्याची सीमा, आणि परतताना कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीच्या अहवालाची मागणी. रुग्ण एका राज्यात, कुटुंब दुसऱ्या राज्यात, अशा घरांनी ती वेळ मोबाईल उशाशी घेऊन काढली. तो वाजला की काळजात धस्स व्हायचे. पाहावे तर 'शुभ प्रभात' आणि गुलाबाचे फूल. मोबाईल बंद ठेवणे हे त्यांच्या हातात नव्हते. फूल न पाठवणे आमच्या हातात होते.

शोक व्यक्त करण्यातही आम्ही घाई केली. 22 एप्रिल 2021 च्या रात्री लोकसभेच्या माजी अध्यक्षा, इंदूरच्या पण मूळ चिपळूणच्या सुमित्रा महाजन यांच्या निधनाची वार्ता पसरली. खासदार शशी थरूर यांच्यासारख्या विद्वान गृहस्थानेही श्रद्धांजली वाहिली आणि चूक कळताच ती मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. महाजन सुखरूप होत्या. थरूर यांचा हेतू वाईट नव्हता, हे उघड आहे. पण जिवंत माणसाच्या घरी आपल्याच मृत्यूचे सांत्वन पोचते, तेव्हा हेतू कुठवर पुरतो? आपल्या गावोगावच्या गटांतही घरच्यांना कळण्यापूर्वी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणारे काही कमी नव्हते. बातमी प्रथम आपण दिली, याचे समाधान शोकाहून मोठे झाले होते.

मग यावर कायदा करावा काय? सरकारी नोकरीत आयुष्य गेल्याने आमचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे. दंडुका हाती आला की तो प्रथम तक्रार करणाऱ्याच्याच पाठीवर पडतो, हा अनुभव आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2021 रोजी बजावले, की प्राणवायू वा रुग्णशय्या मिळत नाही असे समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या नागरिकांवर कारवाई करता येणार नाही. दुःखाचे प्रत्येक चित्रण निंद्य असते असेही नाही. जून 2020 च्या अखेरीस बळ्ळारीत मृतदेह खड्ड्यात फेकले जात असल्याचे चित्रण बाहेर आले. जिल्हा प्रशासनाला माफी मागावी लागली, कर्मचारी निलंबित झाले. ते चित्रण झाले नसते तर तो प्रकार कुणाच्या कानावरही गेला नसता. तेव्हा कसोटी एकच: आपण जे टाकतो ते ज्याचे दुःख आहे त्याच्या कामी येते, की फक्त आपल्या? बळ्ळारीचे चित्रण मृतांच्या कामी आले. गच्चीतून घेतलेले रुग्णवाहिकेचे चित्रण फक्त घेणाऱ्याच्या कामी आले.

याच माध्यमाचा योग्य वापर कसा करावा याचा धडाही आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. सुरेश अंगडी यांनी 11 सप्टेंबर 2020 रोजी आपल्याला लागण झाल्याचे स्वतः जाहीर केले आणि संपर्कात आलेल्यांनी प्रकृतीकडे लक्ष द्यावे, लक्षणे दिसल्यास तपासणी करून घ्यावी, अशी विनंती केली. पक्षभेद असोत, भाषेचा वाद असो. त्या चार वाक्यांत स्वतःचे प्रदर्शन नव्हते, दुसऱ्याची काळजी होती. बाराव्या दिवशी ते गेले. गावोगावच्या ज्या तरुणांनी रात्र-रात्र जागून कुठे खाट रिकामी आहे, कोणता क्रमांक खरोखर लागतो याच्या याद्या केल्या, त्यांनीही हेच केले. आमच्या मित्राच्या भावाला सिलिंडर मिळवून देणारा तरुण त्यांपैकीच एक. आम्ही ज्येष्ठ ज्यांना 'सदा मोबाईलमध्ये डोके' म्हणून हिणवतो, त्यांनी त्या मोबाईलचे चीज केले.

आपल्या इतिहासात याची नोंद नाही असे नाही. 1897 साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. घरझडत्यांनी लोक त्रासले होते, घरोघरी आकांत होता. अशा वेळी 22 जूनला गणेशखिंडीत राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा थाट मांडला गेला. त्या समारंभाहून परतताना रँड यांच्यावर चापेकरांनी गोळ्या झाडल्या. त्या कृत्याची चर्चा येथे नको. मुद्दा इतकाच, की शोकमग्न शहराच्या उशाशी उत्सव करणाऱ्या सत्तेला त्या शहराची मनःस्थिती कळली नव्हती. त्याच वर्षी 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन, सावित्रीबाई फुले निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, चार महिन्यांच्या आत वागण्याच्या या दोन तऱ्हा दिसल्या. साथीचे रोग कायदाही त्याच वर्षीचा, आणि तोच 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. कायदा एकशे तेवीस वर्षे टिकला. शेजारधर्म मात्र पाच इंच पडद्यापुढे टिकला नाही.

साथ पुन्हा येईल. ती न आली तरी पूर येतो, अपघात होतात; वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले की कडेला उभे राहून छायाचित्रे काढणारे आपण पाहतोच. म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे तीन साधे प्रस्ताव ठेवतो. गटावर कुणाची मदतीची हाक आली, तर तिला उत्तर मिळेपर्यंत इतरांनी दुसरे काहीही टाकू नये. आजारी माणसाचे नाव वा छायाचित्र त्याच्या घरच्यांच्या संमतीविना पुढे पाठवू नये. आणि श्रद्धांजली घरच्यांनी कळवल्यानंतरच वाहावी, तीही शक्यतो समक्ष जाऊन किंवा फोन करून. यासाठी ना शासकीय परिपत्रक लागते, ना दंडाची तरतूद.

हे कुणीतरी आधी करावे, मग इतर करतील. वरातीत हात वर करणारा वरबापही एकटाच असे. त्याचा हात पाहून वाजंत्री थांबत असे, आणि वाजंत्री थांबली की मागून येणारी शेकडो माणसे आपोआप पाय हळू टाकीत. गटांत आता वयाने ज्येष्ठ आपणच आहोत. तो हात वर करणे आपल्याकडे आहे.